आई गिऱ्हाईक होतात तेव्हा

गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघून एक ते दहामधला एक आकडा ठरवायचा. तो आकडा ऑर्डरीबरोबर स्वयंपाकघरात जातो. आत येताना तो काहीही असो, बाहेर पडताना नऊच्या खाली असता कामा नये. गाडीत भांडून आलेलं जोडपं असेल तर तीन किंवा चार. मग कुणी त्यांना स्वयंपाकघर दाखवायला नेतं, कुणी न मागवलेलं काहीतरी गोड आणून ठेवतं, नाहीतर खुद्द मालक टेबलाशी येऊन दोन गोष्टी बोलून जातो. व्हर्जिनियातल्या 'द इन ॲट लिटल वॉशिंग्टन'ची ही जुनी पद्धत.

तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. पाहुणचाराला मार्क! आपल्याकडे असलं काही लागत नाही, आपलं सगळं कसं आतून येतं, अशा समजुतीत मी वाढले. समजूत मोठी सोयीची, कारण ती तपासून बघायची वेळ सहसा येत नाही. माझ्यावर ती आली सासूबाईंमुळे, आणि या विषयातलं त्यांना माझ्यापेक्षा बरंच जास्त कळतं. त्यांनी नारायण पेठेत वीसेक वर्षं मेस चालवली.

पुण्यात शिकायला राहिलेल्यांना मेस काय असते ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं ताट, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. गावाला जायचं तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे खाडा धरतात. न सांगता गेलात तर पैसे बुडाले. आमटी पातळ आहे म्हणून झाली नसतील एवढी भांडणं या खाड्यांवरून झालेली आहेत. आईंची, म्हणजे सासूबाईंची, मेस तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बाहेर टेबलं, आत शेगड्या, पोळ्यांना दोन बायका, आमटी-भाजी स्वतः आईंच्या हातची. मागे मोरी. आणि आई दिवसभर उभ्या असायच्या त्या बरोबर अशा जागी, की दारातून कोण आलं तेही दिसावं आणि मोरीशी कुणाच्या ताटात काय उरून आलं तेही दिसावं.

त्यांची पंचाहत्तरी ऑक्टोबरात आली, त्या आमच्याकडे व्हर्जिनियात, ॲशबर्नला असताना. नवऱ्याच्या डोक्यात आलं, आयुष्यभर लोकांना वाढलंय, एकदा कुणीतरी हिला नीट वाढू दे, म्हणून त्याच इनमध्ये जेवायला न्यायचं. मला कल्पना आवडली, पण धाकधूकही होती. चातुर्मास चालू, म्हणजे कांदा, लसूण, वांगं बंद. अंडं तर एरवीही नाही. फ्रेंच वळणाचा स्वयंपाक कांद्यावाचून करा म्हणणं म्हणजे हद्दच. नवऱ्याने फोनवर यादी सांगितली. पलीकडच्या बाईंनी ती उतरवून घेतली, परत वाचून दाखवली आणि विचारलं, "आलं चालेल का?" तिथेच मला वाटलं, ही माणसं वेगळी आहेत. शाकाहारी मेनू तिथे स्वतंत्र, पहिल्या पदार्थापासून शेवटापर्यंत पूर्ण असतो. मांस काढून उरेल ते पुढ्यात ठेवलं, असा कारभार नाही.

६६ नंबरचा हायवे सोडला, वॉरेंटन मागे टाकलं आणि २११ला लागलं की व्हर्जिनिया एकदम बदलतो. डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या भिंती संपतात, कुंपणं, गुरं आणि सफरचंदांच्या पाट्या सुरू होतात, समोर ब्लू रिजची रांग चढत जाते. वॉशिंग्टन हे त्या पायथ्याचं गाव. मोठ्या वॉशिंग्टनशी गल्लत नको म्हणून सगळे त्याला लिटल म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टनने पोरवयात, १७४९ साली, या गावाची आखणी केली आणि त्याच्या नावाची जी काही गावं देशभर आहेत त्यांत पहिलं आपलंच, असं गाव अभिमानाने सांगतं. रॅपहॅनक काउंटीचं हे मुख्य ठिकाण, आणि वस्ती शंभराच्याही आत. गावात राहणाऱ्यांपेक्षा इनमध्ये कामाला येणारे जास्त.

आईंनी जांभळी पैठणी नेसली होती, वर माझा लोकरी कोट आणि पायात स्नीकर. अमेरिकेत आलेल्या आपल्या सगळ्या आयांचा हा गणवेशच आहे. गाडीत बसून गुडघे धरलेले. दारातल्या तरुणाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि आम्हाला टेबलाकडे नेताना तो इतका सावकाश चालला की त्यांना घाई करावी लागली नाही. काही बोलला नाही, हात पुढे केला नाही. टेबलाशी पोचलो तर खुर्चीवर पाठीला एक उशी आलेली होती. ती कधी आणि कुणी ठेवली ते मला दिसलं नाही. आईंना दिसलं होतं. "त्या कोपऱ्यातल्या मुलीला त्याने डोळ्यांनी सांगितलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना ती आकड्यांची गंमत सांगितली. त्यांना त्यात गंमत काही वाटली नाही.

"लिहून ठेवतात हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझं सगळं डोक्यात असायचं. मी आजारी पडले की दुसऱ्या कुणाला काही कळायचं नाही."

मग त्या बोलायला लागल्या. पोरगं दप्तर कसं टाकतं त्यावरून पेपर कसा गेला ते कळायचं. घरून मनीऑर्डर लांबली की मुलं एकाच वेळेला येऊ लागायची, आणि आली की दोन वेळचं जेवायची. एखाद्याचे अचानक लागोपाठ खाडे पडायला लागले तर तो एक तर आजारी, नाहीतर पैशाच्या अडचणीत, नाहीतर दुसरी मेस बघतोय. आजारी असेल तर डब्यातून मऊ भात. अडचणीत असेल तर कार्डावर सही आधी, पैसे मागाहून. आणि दुसरी मेस बघत असेल तर बुधवारी काही कारण नसताना शिरा.

"म्हणजे तुम्ही किती मायेने करत होतात," मी म्हटलं.

"माया कसली, अगं. समोरच्या वाड्यात दुसरी मेस होती."

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं, की मी पाण्याचा घोट घेऊन गप्प बसले. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता आणि विनयही नव्हता. धंद्यातली माणसं धंद्याचं बोलतात तसं बोलल्या. ताटातली पोळी आणि त्यामागचा हिशेब अशी वेगवेगळी खाती मीच मांडून बसले होते, त्यांनी ती कधी उघडलीच नव्हती. ज्याला आपण खाऊ घालतो तो पुढच्या महिन्यात परत यायला हवा, तर त्याच्याकडे नीट बघावं लागतं. बघता बघता जीव लागला तर लागला.

पहिलं आलं ते ट्रफल, म्हणजे एक महागडी अळंबी, घातलेलं पॉपकॉर्न. आमच्या पॉपकॉर्नवर पार्मेझान होतं, आईंच्यावर नव्हतं. पार्मेझान हे इटालियन चीज, आणि अस्सल असेल तर ते वासराच्या जठरातल्या रेनेटवाचून, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यावाचून, होत नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाने ते खाऊ नये. अमेरिकेतलं सगळंच चीज मात्र तसलं नसतं. सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या रेनेटला इथे १९९० साली परवानगी मिळाली आणि आता पुष्कळसं चीज त्यावरच लागतं. इथल्या आपल्या मंडळींत या बाबतीत दोन टोकं दिसतात: कुणी विचारतच नाही, आणि कुणी पनीरवरसुद्धा संशय घेतं. इथे विचारायची वेळच आली नाही.

पुढे बीट आलं, तऱ्हेतऱ्हेचं, वर संत्र्याच्या जातीचा आंबटगोड रस. आईंनी एक फोड तोंडात टाकली आणि थांबल्या. मेसमध्ये मोरीशी सगळ्यात जास्त परत येणारा पदार्थ म्हणजे बीटाची कोशिंबीर, हे त्यांनी मला पूर्वीच सांगितलेलं. "मातीचा वास मारलाय आणि बीट ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मी दाण्याचं कूट घालून दोन्ही मारायची." दुसरी फोड त्यांनी जास्त हळू खाल्ली.

सगळं आवडलं असं नाही. दोन पदार्थांमधली वाट बघणं त्यांना कंटाळवाणं झालं. "गरम गरम एकदम वाढलं तर काय बिघडतं," हा प्रश्न दोनदा आला. भात नाही म्हणजे जेवण झाल्याची खूण नाही. मधल्या एका पदार्थात लोणी इतकं होतं की त्यांनी अर्धा टाकला, आणि ताटात टाकायचं नाही हे बाळकडू मिळालेल्या बाईने ते टाकलं याचा अर्थ पोटाने ठाम नकार दिला होता. ताटली उचलायला आलेल्या मुलाने ती तशीच उचलली नाही. वाकून विचारलं, काही कमी-जास्त झालं का. आईंनी मराठीतच सांगितलं, "चांगलं आहे रे बाळा, मला जड जातं." मी भाषांतर करेपर्यंत तो मान हलवून गेलाही. त्यानंतरचे त्यांच्या पुढ्यातले पदार्थ आमच्यापेक्षा हलके होते. योगायोगही असेल. आईंच्या मते योगायोग अजिबात नव्हता.

मग चीजची गाडी आली. गाडी म्हणजे चाकांवरची गाय, पाठीवर चीजचे तुकडे मांडलेले, आणि ढकलली की चक्क हंबरते. आजूबाजूला सूट घातलेले, मोती ल्यालेले लोक, मधोमध गाय, आणि आमच्या आई पैठणीचा पदर तोंडाला लावून हसतायत. आजवर त्यांना चारचौघांत असं हसताना मी पाहिलं नव्हतं. गायवाल्या माणसाने आपण होऊन यातली कुठली कुठली त्यांना चालतील ते दाखवलं.

सजावटीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. छतावर वेगवेगळ्या नमुन्यांच्या वॉलपेपरचे तुकडे जोडलेले, प्रत्येक टेबलावर झालरीची गुलाबी रेशमी लॅम्पशेड, पडदे, गोंडे, सोनेरी पट्ट्या. हे सगळं लंडनच्या जॉइस इव्हान्स या नाटकांचं नेपथ्य करणाऱ्या बाईंनी मांडलंय, आणि ते नेपथ्यच वाटतं. मालक पॅट्रिक ओकॉनेल हेही नाट्यशास्त्राचे विद्यार्थी. कुठे स्वयंपाक शिकायला गेलेले नाहीत, पुस्तकं वाचून हाताने करत करत शिकले. त्यांना जेवण हा नाटकाचा प्रयोग वाटतो. मला तिथे बसल्यावर पाच मिनिटांत डोळे कुठे ठेवावेत ते कळेना. नवऱ्याला आवडलं. आई म्हणाल्या, "धूळ कोण पुसतं एवढी?"

२०२०च्या मे महिन्यातली गोष्ट मी त्यांना सांगितली. टाळेबंदी उठली, पण निम्मीच टेबलं भरायची परवानगी. तेव्हा ओकॉनेल यांनी उरलेल्या टेबलांवर १९४०च्या दशकातले कपडे घातलेले पुतळे बसवले होते. कुणी मोत्यांचा सर घातलेली, कुणी गुडघे टेकून लग्नाची मागणी घालणारा. जगभर फोटो गेले. निम्म्या लोकांना गोड वाटलं, निम्म्यांना भीतीदायक. आईंना त्यात नवल वाटलं नाही. "मे महिन्यात पोरं गावी गेली की मी घरच्या माणसांना दर्शनी टेबलावर जेवायला बसवायची," त्या म्हणाल्या. "रिकामं दिसलं की नवीन गिऱ्हाईक पायरी चढत नाही." नवऱ्याने मान वर केली. लहानपणी सुट्टीत आपण बाहेरच्या खोलीत का जेवायचो, ते त्याला तेव्हा कळलं.

जेवण संपत आलं तेव्हा आम्हाला स्वयंपाकघर बघायला येता का म्हणून विचारलं. आमचा आकडा कमी पडला होता म्हणून की पंचाहत्तरी होती म्हणून, देव जाणे. तिथले आचारी पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या पँट घालतात, कारण मालकांचे कुत्रे डाल्मेशियन. विंडसर कॅसलमधल्या दुग्धशाळेवरून या स्वयंपाकघराची कल्पना घेतलीय. चुलीशेजारी जेवायला बसायची दोन टेबलंही आहेत. मी वर बघत होते, तांबं, टाइल्स, प्रकाश. आई खाली बघत होत्या.

"फरशी कोरडी आहे," त्या म्हणाल्या.

एवढं बोलून त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. ज्याने भरल्या वेळेचं मोठं स्वयंपाकघर चालवलंय त्यालाच हे वाक्य कळेल. गर्दीच्या वेळी पाणी सांडतं, तेल उडतं, आमटी हिंदकळते, पोरं धावतात आणि घसरतात. फरशी कोरडी म्हणजे कुणाची तरी नजर फक्त तिच्यावर आहे, आणि त्या माणसाचा पगार निघतोय. मग त्यांनी मला विचारायला सांगितलं, "ताटात उरलं तर यांना कोण सांगतं?" दाखवायला आलेल्या मुलीने उत्तर दिलं की वाढणारे सांगतात, शिवाय परत आलेल्या ताटल्या इथे बघतात. आईंनी समाधानाने मान डोलावली. त्या आज पहिल्यांदा ओळखीच्या जागी आल्या होत्या.

बिलाचा विषय त्यांनीच काढला. आम्ही लपवणार होतो. साडेतीनशे डॉलरच्या आसपास माणशी, वाइन, कर वगैरे वेगळं, असं नवऱ्याने चाचरत सांगितलं. रुपयांत गुणाकार करून त्या कपाळाला हात लावतील या भीतीने तो तयारच होता. त्यांनी गुणाकार केला नाही, भागाकार केला. आत किती माणसं, बाहेर किती, आज गिऱ्हाईक किती. "जवळजवळ एका पानामागे एक माणूस आहे. शिवाय मोरीवरचे वेगळे. कच्च्या मालाला यात किंमतच नाही, पगारातच जातंय सगळं." आणि थोड्या वेळाने, "महाग नाहीये. खर्चीक आहे." रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचा तिसरा तारा या इनला २०१८ साली मिळाला, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना ताऱ्यांपेक्षा पगारपत्रकात रस होता.

परतीच्या रस्त्यावर मग जागेची गोष्ट निघाली. १९७८ साली ओकॉनेल आणि त्यांचे जोडीदार राइनहार्ट लिंच यांनी हे सुरू केलं ते एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपाच्या इमारतीत. भाडं महिन्याला दोनशे डॉलर. त्याआधी दोघं याच भागात लोकांच्या घरच्या समारंभांचे स्वयंपाक करत. आडगावात भाजी, लोणी, मासळी आणून देणारं कुणी नव्हतं, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना गाठून जे पिकेल त्यावर मेनू करायचा. काही आठवड्यांतच राजधानीतल्या एका वर्तमानपत्राच्या समीक्षकाने दीडशे मैलांच्या परिसरातलं हे सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून लिहिलं आणि डोंगरापायथ्याशी गाड्यांची रांग लागली.

"गावाने त्रास दिला असेल," आई अंधारातून म्हणाल्या.

दिला होता. गावाचं आणि इनचं वर्षानुवर्षं वाजलेलं आहे. बांधकाम, पार्किंग, परवानग्या, कोर्टापर्यंत गेलेले तंटे. एवढ्याशा गावात कुणीतरी श्रीमंतांसाठी दुकान मांडतो आणि एकेक इमारत विकत घेत जातो, हे जुन्या रहिवाशांना कसं पचावं? गंमत अशी, की त्या गावाच्या तिजोरीत पडणारा पैसा मुख्यतः या इनच्या जेवणाखाण्यावरच्या आणि खोल्यांवरच्या करातूनच येतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि मी त्या गावात राहत असते तर बहुधा तक्रार करणाऱ्यांत असते. आईंना आठवत होत्या त्या त्यांच्या वाड्यातल्या सायकली. जिन्याखाली पोरं सायकली लावायची, फोडणीचा वास वरच्या मजल्यावर जायचा, आणि दर महिन्याला कुणीतरी मालकाकडे तक्रार घेऊन जायचं. तेच लोक पाहुणे आले की निरोप पाठवायचे, चार पोळ्या आणि वाटीभर भाजी जास्तीची द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुण्याला बहिणीला फोन लावला. स्पीकरवर, कारण त्यांना तोच जमतो. मी चहा करत होते. मला वाटलं, हंबरणारी गाय येईल, ठिपक्यांच्या पँट येतील, पंचाहत्तरीची मेणबत्ती येईल. गाय आली, पण अर्ध्या वाक्यात.

"अगं, दोनशे डॉलर भाडं होतं," त्या सांगत होत्या. "गॅरेजला. आणि पुढे जागा आपल्या नावावर करून घेतलीन त्यांनी, शेजारच्यासुद्धा. तिथेच सगळं आलं. आमच्या मालकाने किती मागितले होते शेवटी, आठवतंय का तुला?"

मावशींना आठवत होतं. त्यांनी आकडा सांगितला, आईंनी तो दुरुस्त केला, आणि मग दोघी पाऊण तास त्या मालकाबद्दल, पागडीबद्दल आणि तिथे आता उभ्या असलेल्या बिल्डिंगमधल्या मोबाइलच्या दुकानाबद्दल बोलत राहिल्या.